गहुंज्याची खेळपट्टी : माती आणि पाणी

कसोटी सामना तीन दिवसांत आटोपला की ‘खेळपट्टीने घात केला’ असे म्हणण्याची रीत आहे. खेळपट्टी म्हणजे २२ यार्ड, अर्थात २०.१२ मीटर लांबीचा आणि ३.०५ मीटर रुंदीचा मातीचा पट्टा. तिचे वागणे नशिबावर नव्हे, तर माती आणि पाणी यांच्या नात्यावर ठरते. पुण्याजवळच्या गहुंजे मैदानाचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

येथील पहिला कसोटी सामना २३ फेब्रुवारी २०१७ रोजी सुरू झाला. खेळपट्टी कोरडी होती. ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत ३५ धावांत ६ बळी घेतले. भारताचे डाव १०५ आणि १०७ धावांत संपले आणि सामना तिसऱ्याच दिवशी निकाली निघाला. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने खेळपट्टीवर ‘निकृष्ट’ असा शेरा मारला.

ऑक्टोबर २०१९ मध्ये याच मैदानावर भारताने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ५ बाद ६०१ धावा केल्या. विराट कोहली २५४ धावांवर नाबाद राहिला. पावसाळा नुकताच सरला होता, म्हणून हा फरक पडला का? तसे म्हणावे, तर ऑक्टोबर २०२४ मध्ये काळ्या मातीच्या खेळपट्टीवर न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरने १३ बळी घेतले आणि सामना पुन्हा तिसऱ्या दिवशी संपला. महिना तोच, निकाल वेगळा. तेव्हा ऋतूपलीकडे जाऊन मातीची जात आणि पट्टीची मशागत यांचा विचार करावा लागतो.

कबनूर परिसरातील शिक्षकांना काळ्या रानातल्या उन्हाळी भेगा परिचयाच्या आहेत. बेसाल्ट खडक झिजून झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट हे खनिज असते. त्याच्या सूक्ष्म थरांमध्ये पाणी शिरले की माती फुगते, सुकली की आकसते. लाल मातीत बहुधा केओलिनाइट असते. ते फारसे फुगत नाही. मुंबईच्या वानखेडे मैदानावरील लाल मातीवर चेंडू चांगला उसळतो, तो यामुळेही.

ओलसर माती रोलरने दाबली की कण जवळ येतात आणि सुकल्यावर पट्टी कडक होते. हरळीची मुळे खालची ओल वर ओढतात व मातीला बांधून ठेवतात. गवत कमी ठेवले आणि पाणी लवकर तोडले, की वरचा थर भुसभुशीत होतो. चेंडू तेथे पकड घेतो आणि वळतो.

हे पाणी मात्र फुकटचे नसते. २०१६ च्या दुष्काळात मैदानांवरच्या पाण्याचा प्रश्न न्यायालयात गेला. त्या वर्षी १३ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने महिनाअखेरनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला. प्यायला पाणी नसताना खेळपट्टी भिजवायची का, हा प्रश्न वर्गातही चर्चेला घेता येईल.

सोबत एक प्रयोग करावा. काळ्या आणि लाल मातीचा चिखल एकाच मापाच्या दोन साच्यांत दाबून भरावा, सावलीत आठवडाभर सुकवावा आणि विटांची लांबी मोजावी. कोणती वीट अधिक आखडली, कोणीत भेगा पडल्या, हे मुलांनीच नोंदवावे. मग पुढचा सामना पाहताना ती धावफलकाआधी मातीकडे पाहतील.