उलटा टोमॅटो आणि सासूबाईंचा प्रश्न



कार्तिक पौर्णिमा झाली, चातुर्मास संपला आणि मी गॅलरीत दोन बादल्या टांगल्या. बादली सरळच, पण रोप उलटं. रंगाच्या रिकाम्या बादलीच्या बुडाला लिंबाएवढं भोक पाडलं, टोमॅटोचं रोप त्यातून खाली सोडलं, मुळांभोवती चिंधी गुंडाळली (भिवंडीत मागाच्या कापडाच्या चिंध्यांना काय तोटा!), वरून माती भरली आणि छताच्या हुकाला अडकवलं. गॅलरी चार फुटांची, त्यात कपडे वाळत घालायचे, कुंड्यांना जागा कुठली?

सासूबाई माळ जपत बसल्या होत्या. माळ पूर्ण केली आणि म्हणाल्या, "टोमॅटो बाजारात मिळतो. मग ही माती कालवायची, पाणी ओतायचं, ते कशासाठी? हा अनर्थदंड नाही का गं?"

प्रश्न साधा नव्हता. श्रावकाच्या गुणव्रतांत अनर्थदंडविरती येते. गरजेसाठी होणारी हिंसा गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही, पण विनाकारण होणारी टाळायलाच हवी. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचा एक प्रकार सांगितला आहे, प्रमादचर्या. निष्कारण जमीन खणणं, पाणी सांडणं, झाडं तोडणं हे सगळं त्यात येतं. म्हणजे माझी हौस थेट त्या यादीत बसत होती. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. मग मी या गोष्टीचा इतिहासच शोधत बसले.

शेतीबद्दल आपल्याकडे दोन धागे आहेत. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात योगशास्त्रात पंधरा कर्मादानं सांगितली, म्हणजे श्रावकाने टाळायचे धंदे. त्यातल्या स्फोटकर्मात जमीन खणणं, नांगरणं येतं. गुजरात-राजस्थानातले आपले लोक व्यापारात गेले त्यामागची ही एक शिकवण. दुसरा धागा जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणातला, नवव्या शतकातला. कल्पवृक्ष संपले, माणसं भुकेली झाली, तेव्हा भगवान ऋषभदेवांनीच असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मं शिकवली. त्यात कृषि आहे.

माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. तिकडे जैन म्हणजे शेतकरीच. कोल्हापूर-सांगलीकडच्या आपल्या समाजाने पिढ्यान्पिढ्या रान कसलं आणि रोज जिनमंदिरात अभिषेकही केला. कुंभोजच्या जैन घरात 1887 साली जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये संस्था काढली, तिच्या नावातच 'रयत' आहे. आमच्या शाळेतल्या पाठात हिंसेचे चार प्रकार होते : संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. संकल्पी हिंसा गृहस्थाने सोडायची आणि बाकीच्या तीन यत्नाचाराने, जपून, जमेल तितक्या कमी करायच्या. त्यामुळे माती हातात घेणं हाच दोष, असं मला म्हणता येत नाही. हातात का घेतली आणि कशी घेतली, ते बघावं लागतं.

आता टोमॅटोकडे येऊ. त्याचं नाव आपल्या कोणत्याही जुन्या ग्रंथात नाही, आणि असणार कसं? तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतला 'तोमात्ल' स्पॅनिश लोकांबरोबर सोळाव्या शतकात युरोपात गेला. तिथेही त्याची भीती होती. 1597 मध्ये इंग्लंडच्या जॉन जेरार्डने आपल्या वनस्पतिग्रंथात या झाडाला चांगलंच नाव ठेवलं. पुष्कळ दिवस लोक तो शोभेसाठी लावत, खात नसत. भारतात तो पोर्तुगीजांबरोबर आला असं मानतात. 1890 च्या सुमारास जॉर्ज वॅटने भारतातल्या उपयुक्त पिकांचा मोठा कोश केला, त्यातही टोमॅटो मुख्यतः गोऱ्या लोकांसाठी पिकवला जातो, इथले लोक आता कुठे खाऊ लागलेत, असंच चित्र दिसतं.

म्हणजे आपल्या पणजीसाठी हे अज्ञात फळ होतं! बावीस अभक्ष्यांत अज्ञात फळ आहेच. वंकचूलाची कथा आपण सगळ्यांनी पाठशाळेत ऐकली आहे. जंगलात भुकेल्या चोरांना सुंदर फळं दिसली. ज्याचं नाव माहीत नाही ते खायचं नाही, असा नियम वंकचूलाने घेतला होता, म्हणून तो थांबला. बाकीच्यांनी ती किंपाक फळं खाल्ली आणि ते मेले.

त्यात बंगालीत टोमॅटोला 'बिलिती बेगुन' म्हणत, म्हणजे विलायती वांगं. वांगं तर अभक्ष्यच. आणि नातं खोटंही नाही. वांगं, बटाटा आणि टोमॅटो ही तिन्ही वनस्पतिशास्त्रात एकाच सोलॅनम कुळीतली. तिघांचे आपल्याकडे तीन निकाल लागले. वांगं बंद, बटाटा अनंतकाय म्हणून बंद, टोमॅटो बहुतेक घरांत चालू. काही घरांत बहुबीज म्हणून त्याचाही त्याग असतो. आमच्या सासूबाईंचा आहे. चालतो म्हणणाऱ्या बायका सांगतात, डाळिंबात दाणे भरपूर असले तरी मध्ये पडदे असतात, तसे टोमॅटोतही कप्पे असतात. कापून बघा, असतात खरे.

यात मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ग्रंथात नाव नसलेल्या या फळाचा निकाल स्वयंपाकघरात लागला. आपल्या आज्यांनी जुने नियम हातात घेऊन नवं फळ तपासलं आणि आपापल्या घरापुरतं ठरवलं. कांदा-लसणाशिवाय रस्सा अंगासरशी कसा करायचा, हा त्यांचा रोजचा प्रश्न होता आणि टोमॅटोने तो सोडवला. आज जैन पावभाजीत बटाट्याऐवजी कच्चं केळं येतं, पण टोमॅटो काढला तर ती भाजी उभीच राहत नाही.

आता उलटं टांगण्याचं. ही पद्धत 2000 नंतरच्या दशकात अमेरिकेत टीव्हीवरच्या जाहिरातींतून गाजली. जागा कमी लागते, काठीचा आधार लागत नाही, जमिनीतल्या अळ्या रोपापर्यंत पोचत नाहीत, असे तिचे फायदे सांगतात. सासूबाईंना मात्र वाटलं, जिवाला उलटं टांगणं हा छळ झाला. वनस्पतिकाय एकेंद्रिय जीव, त्याला फक्त स्पर्श. पण वर-खाली त्याला कळतं. 1806 मध्ये थॉमस नाइट या इंग्रजाने पाण्याच्या चाकावर बिया बांधून फिरवल्या. मुळं चाकाच्या बाहेरच्या बाजूला वाढली, कोंब मध्याकडे. गुरुत्वाची ओढ रोपाला कळते, ती अशी दिसली. पेशींतले पिठूळ कण खाली बसतात, त्यावरून झाड दिशा ओळखतं. माझ्या रोपानेही आठवड्यात मान वळवली. खोड आकड्यासारखं वाकून वर उजेडाकडे निघालं. खरं सांगायचं तर या वळण्यात त्याची ताकद जाते. बादली लवकर वाळते आणि भिजल्यावर 10-12 किलो भरते, हुक पक्का हवा. जमीन असेल तर सरळच लावा. नसेल तर छोट्या चेरी टोमॅटोचं रोप घ्या, मोठ्या फळाच्या वजनाने फांदी तुटते. आपल्या कोकणपट्टीत पावसाळा संपल्यावरच लावणी बरी, म्हणजे चातुर्मासातला नियमही आपोआप पाळला जातो.

मुख्य प्रश्न मात्र उरलाच. कशासाठी?

याचं उत्तर मला मुंबई पोर्ट ट्रस्टच्या गच्चीवर सापडलं. तिथल्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात रोज सुमारे 3,000 कर्मचाऱ्यांचं जेवण होई. भाज्यांचे देठ, साली यांचं करायचं काय, म्हणून तिथल्या केटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांनी सुमारे 3,000 चौरस फुटांच्या गच्चीवर बाग उभी केली. श्रीपाद दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराची शिकवण पाठीशी होती : ओला कचरा आणि वाळका पाला यांचीच माती करायची. तिथे आधी देठ होते, बाग नंतर आली. गरज अगोदर होती.

मी माझ्याकडे बघितलं. माझी बाग जाहिरात बघून सुरू झाली होती, गरज मी नंतर शोधत होते. सासूबाईंचं बरोबर होतं.

मग क्रम बदलला. साली आता वाळक्या पानांच्या थरांत जातात, ओल राहू देत नाही म्हणजे अळ्या पडत नाहीत. तरी त्यात जीव असतातच, हे मी नाकारत नाही. गाडीत टाकलेला कचराही कुठेतरी कुजतोच, फक्त आपल्या डोळ्यांआड. पाणी गाळून घालते. बादल्या दोनच, तिसरी नाही.

जानेवारीत एका रोपावर पांढरी माशी आली, पानं आकसली, बोकड्या पडला. शेजारणीने फवारा आणून दिला. हातात घेतला आणि परत केला. फवारणं म्हणजे ठरवून मारणं, ती आरंभी हिंसा राहत नाही. बादली लांब टांगली, एवढंच केलं. त्या रोपाला एकही फळ धरलं नाही. दुसऱ्याने फेब्रुवारीअखेर 31 छोटे टोमॅटो दिले. पैशांत बघाल तर बाजारातलाच स्वस्त.

सासूबाईंनी एकही खाल्ला नाही, त्यांचा त्याग आहे. पण परवा मी तांदळाचं धुवण मोरीत ओतत होते तर म्हणाल्या, "ओतू नको. त्या बादल्यांना घाल."

तुमच्या घरी टोमॅटोचा निकाल काय आहे? जिनवाणीविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल तर क्षमा असावी.

जय जिनेंद्र.