औरंगाबाद शहरातील भूखंड-व्यवसायाची जडणघडण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

नोकरी किंवा शेती सोडून केवळ जमिनीच्या खरेदी-विक्रीवर उपजीविका करणारा वर्ग छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद शहरात आज सहज आढळतो. अध्यापन क्षेत्रातील आपल्यापैकी अनेकांनीही भविष्यनिर्वाह निधीची रक्कम एखाद्या भूखंडात घातलेली असते. तथापि या व्यवसायाकडे इतिहासाच्या अंगाने क्वचितच पाहिले जाते. जमिनीचा भाव कोण निर्माण करतो, तो कोणाच्या पदरात पडतो आणि जोखीम कोण उचलतो, या तीन प्रश्नांच्या आधारे त्याची वाटचाल तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पाणी, पुरे आणि इनामे :

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी येथे नगर वसविले. नहर-ए-अंबरीच्या भूमिगत जलवाहिनीमुळे या कोरड्या पठारावर दाट वस्ती शक्य झाली. १६५३ नंतर औरंगजेबाच्या सुभेदारीत शहराचा विस्तार होऊन जयसिंगपुरा, करणपुरा, पदमपुरा असे सरदारांच्या नावांचे पुरे उभे राहिले. ही जमीन बाजारातून नव्हे, तर सत्तेच्या मर्जीतून मिळत असे. तरीही एक सूत्र तेव्हापासूनच दिसते : आधी सार्वजनिक खर्चाने पाणी येते, मग खासगी जमिनीला मोल चढते.

निजामी राजवटीत इनाम जमिनींचे जाळे पसरले. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० आणि त्यापाठोपाठ इनामे रद्द करणारा कायदा आला. कसणाऱ्याला हक्क मिळाले, परंतु अनेक जमिनींच्या हस्तांतरणावर निर्बंधही आले. म्हणूनच मराठवाड्यात जमिनीची मालकी तपासताना सातबारा पुरेसा ठरत नाही. फेरफार नोंदी आणि १९५४-५५ चे खासरा पत्रक पाहावे लागते. त्यामागील कागद बहुधा उर्दूत असतात. येथे जमीन घेणारा तिच्याबरोबर कूळ, इनाम आणि वक्फ यांचा इतिहासही विकत घेत असतो.

औद्योगिकीकरण आणि नव्या व्यवसायाचा जन्म :

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे चिकलठाणा परिसरात कारखानदारी रुजली. १९७० च्या दशकात सिडकोने नवे औरंगाबाद वसविण्यास प्रारंभ केला. १९८२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली, तर १९८५ मध्ये वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. शहराची लोकसंख्या १९९१ मध्ये सुमारे पावणेसहा लाख होती. २०११ मध्ये ती पावणेबारा लाखांच्या घरात गेली.

या वाढीने भूखंड-व्यवसायाला पूर्णवेळ स्वरूप दिले. नवख्या व्यक्तीजवळ सहसा मोठे भांडवल नसे. शेतकऱ्याला थोडा इसार देऊन इसारपावती करायची, खरेदीखताची मुदत सहा महिने किंवा वर्षभर लांबवायची आणि त्या अवधीत पुढचे गिऱ्हाईक शोधायचे, ही व्यवसायात शिरण्याची रूढ वाट होती. गिऱ्हाईक मिळाले तर अल्प रकमेवर मोठा नफा होई. न मिळाल्यास इसार बुडे. शेतकऱ्याची जमीन मात्र तोवर अडकून राहत असे. चढत्या बाजारात ही रीत कौशल्य वाटते; मंदीत ती उसन्या वेळेवरचा जुगार ठरते.

गुंठेवारी : जोखमीचे हस्तांतरण :

सिडकोची घरे सर्वांना पुरणारी नव्हती. त्यामुळे कामगार, लहान दुकानदार आणि खेड्यातून आलेली कुटुंबे गुंठेवारीकडे वळली. एक एकर म्हणजे ४० गुंठे. मंजूर रेखांकनाशिवाय शेताचे असे तुकडे पाडून ते विकले गेले. अनेक सौदे नोंदणीशिवाय, केवळ मुद्रांकावर झाले. वस्तुतः मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ नुसार १०० रुपये व त्याहून अधिक मूल्याच्या स्थावर मिळकतीच्या विक्रीस नोंदणीकृत दस्त आवश्यक असतो. केवळ मुखत्यारपत्रावरील विक्रीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये स्पष्ट केले.

२००१ च्या गुंठेवारी अधिनियमाने १ जानेवारी २००१ पूर्वीच्या अशा वसाहती नियमित करण्याचा मार्ग खुला केला. २०२१ च्या सुधारणेने ही मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. नियमितीकरणासाठी प्रशमन शुल्क व विकास शुल्क भूखंडधारकाने भरायचे होते. म्हणजे विक्रेता नफा घेऊन बाजूला झाला. रस्ता, नळ आणि गटार यांची किंमत शेवटच्या खरेदीदाराने पुन्हा मोजली. या व्यवसायाच्या इतिहासातील हा सर्वांत बोलका धडा होय.

नियमन आणि सद्यःस्थिती :

स्थावर संपदा अधिनियम, २०१६ नुसार १ मे २०१७ पासून महारेरा कार्यरत झाले. जमिनीचे भूखंड पाडून विकणारा आता ‘प्रवर्तक’ ठरतो. जमिनीचे क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक असल्यास नियोजन क्षेत्रातील अशा प्रकल्पाची नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणीकृत प्रकल्पात मध्यस्थी करणाऱ्यालाही नोंदणी लागते. दरम्यान शेंद्रा-बिडकीन येथील ऑरिक औद्योगिक नगरी आणि समृद्धी महामार्ग यांनी भोवतालच्या गावांत नवी अपेक्षा निर्माण केली आहे. नहरीची जागा रस्त्याने घेतली, इतकेच.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, या शहरात जमिनीचे मूल्य मुख्यतः सार्वजनिक गुंतवणुकीने घडले. व्यावसायिकाने ते आधी ओळखले, आणि जोखीम मात्र बहुतांशी शेतकरी व अंतिम खरेदीदाराने वाहिली. पूर्णवेळ या क्षेत्रात उतरू पाहणाऱ्या तरुणाला म्हणूनच दोन गोष्टी आवश्यक ठरतात : जुने दस्त वाचण्याची क्षमता, आणि विक्री होईपर्यंत घर चालविण्याइतकी स्वतंत्र शिल्लक. पगार दरमहा येतो. जमिनीचे गिऱ्हाईक तसे येत नाही. पहिली गोष्ट नसल्यास तो फसतो. दुसरी नसल्यास तो इतरांना फसविण्याच्या मोहात पडतो. आपल्या महाविद्यालयांतून बाहेर पडणारे अनेक विद्यार्थी या व्यवसायात जात आहेत. इतिहासाच्या वर्गात त्यांना खासरा पत्रक आणि फेरफार वाचायला शिकविणे ही आपल्या विषयाची उपेक्षित, परंतु निकडीची जबाबदारी आहे.