पगार सरकारचा, मत कोणाचं?

 

परवा पिवळ्या लाइनच्या मेट्रोने निघालो, गाड्या बदलत एम. जी. रोडला उतरलो आणि सेंट मार्क्स कॅथेड्रलसमोर जरा रेंगाळलो. 1808 साली पाया घातलेलं हे चर्च मुळात इंग्रजी फौजेसाठी होतं. फौजी माणसाला तिथे पहिला प्रश्न पडतो : इथला पाद्री हुकूम कोणाचा मानत असेल?

आमच्या पलटणीत पंडितजी, ग्रंथी, मौलवी, पाद्री असतात. ते जेसीओ असतात, पगार सरकार देतं आणि ते सीओच्या हाताखाली असतात. त्यात गैर काही नाही, ती फौज आहे. पण इंग्रजांनी सगळं अँग्लिकन चर्चच असं चालवलं. 1813 च्या चार्टर ॲक्टने कलकत्त्याला बिशप आणला, 1837 मध्ये मुंबईला थॉमस कार आले. नेमणूक इंग्लंडच्या राजाची, पगार हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे शेवटी इथल्या रयतेच्या साऱ्यातून. ज्या सेंट थॉमस चर्चमुळे मुंबईत चर्चगेट हे नाव पडलं, तिथे बाकावर बसणाऱ्याला बिशप कोण हवा, हे कोणी विचारत नव्हतं.

हे बदलायला पुढे सरसावले ते मुंबईचेच बिशप, एडविन पामर. 1908 ते 1929 ते या पदावर होते. स्वतःच्या पदामागचा सरकारी आधार काढून घ्या, असा आग्रह धरणारा अधिकारी मी तरी नोकरीत पाहिला नाही! 1927 मध्ये लंडनच्या पार्लमेंटने इंडियन चर्च ॲक्ट केला आणि 1 मार्च 1930 पासून इथलं चर्च सरकारपासून वेगळं झालं. गोऱ्या पलटणींचे पाद्री मात्र पुढेही सरकारी पगारावरच राहिले.

आता कारभार कोण बघणार? बिशप, पाद्री आणि साधे सभासद, तिघे मिळून. मोठ्या निर्णयाला तिघांचीही संमती लागते. इंग्लंडमध्ये 1919 पासून अशीच तीन सभागृहं होती. त्यांचा जोर किती, ते 2012 मध्ये दिसलं. स्त्रियांना बिशप करण्याच्या ठरावाला बिशपांची 44 विरुद्ध 3 मतं मिळाली, पाद्र्यांची 148 विरुद्ध 45. सभासदांच्या सभागृहात 132 विरुद्ध 74. दोन-तृतीयांशाला सहा मतं कमी पडली आणि ठराव पडला. आपल्याला वाटतं, जुनाट विचार वरच्यांचे आणि सुधारणा खालच्यांची. इथे उलटं घडलं. पुढच्याच वर्षी आपल्याकडे चर्च ऑफ साउथ इंडियाने पुष्पललिता यांना नंद्यालचं बिशप केलं. इंग्लंडला पहिली स्त्री बिशप मिळायला 2015 उजाडलं.

हे चर्च ऑफ साउथ इंडिया 1947 च्या सप्टेंबरात मद्रासला स्थापन झालं. सेंट मार्क्स त्यातच येतं. उत्तरेकडच्या एकीकरणाला 1970 उजाडलं. 29 नोव्हेंबरला नागपुरात सहा चर्चेस एकत्र आली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आलं. मराठी माणसाच्या दृष्टीने खरी गंमत इथे आहे. अहमदनगरकडे अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या होत्या. त्यांच्या परंपरेत बिशप हे पदच नव्हतं, मंडळीच मालक. शेजारी नाशिकला 1929 पासून अँग्लिकन बिशप बसलेला. एकाच जिल्ह्यातल्या, एकाच बोलीतल्या या माणसांना आता एका सभेत बसायचं होतं. एकाने बिशप मान्य करायचा, दुसऱ्याने बिशपला प्रश्न विचारायला शिकायचं. माझ्या मते दुसरं काम जास्त अवघड होतं.

आणि मतदान आलं की गट आले. कमिटीच्या निवडणुका, चर्चच्या जमिनी, कोर्टातले खटले... साखर कारखान्याची निवडणूक ज्याने पाहिली आहे, त्याला वेगळं सांगायला नको. काही ख्रिस्ती मित्र वैतागून मला म्हणतात, "कर्नलसाहेब, तुमच्यासारखा एक सीओच बरा." मी त्यांना सेंट मार्क्सच्या जुन्या पगारपत्रकाची आठवण करून देतो.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.