राणीरोधक जाळी : मधपेटीत मध आणि पिले वेगळी ठेवणारा अडसर

मधपेटीत खाली अंडी-पिलांची कोठी असते आणि तिच्यावर मधकोठी. या दोहोंच्या मध्ये बसवल्या जाणाऱ्या जाळीला राणीरोधक जाळी म्हणतात. मधपाळांच्या बोलण्यात ती ‘क्वीन एक्सक्लुडर’ या नावानेच अधिक आढळते. तिच्या फटींतून कामकरी माश्या सहज ये-जा करतात, राणी आणि नर मात्र अडतात. त्यामुळे राणी खालीच अंडी घालते आणि वरच्या चौकटींत केवळ मध साठतो.

गरज का भासते?

जंगलातील पोळे कापून पिळले की मधाबरोबर अंडी, अळ्या, कोष आणि पराग हेही चिरडले जातात. असा मध गढूळ होतो, लवकर आंबतो. शिवाय त्या वसाहतीची पुढची पिढीच संपते. दादरा आणि नगर हवेलीचा सुमारे 40 टक्के भूभाग वनाच्छादित आहे. सिल्वासापासून खानवेल, दुधनीकडे जाताना हा वनपट्टा अधिक दाट होतो. अशा प्रदेशात पोळे न मोडता मध काढणे हा केवळ शुद्धतेचा नव्हे, तर माश्या टिकण्याचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर एकोणिसाव्या शतकात टप्प्याटप्प्याने सापडले. अमेरिकेत लँगस्ट्रॉथ यांनी 1851 मध्ये हलत्या चौकटींच्या पेटीचे तत्त्व शोधले. पोळे न तोडता, फिरवून मध काढण्याचे यंत्र ह्रुश्का यांनी 1865 मध्ये तयार केले. फ्रान्समधील धर्मगुरू कोलँ यांची राणीरोधक जाळी त्याच वर्षीची मानली जाते. यंत्रात फिरवायच्या चौकटीत अळ्या असतील तर त्या मधात मिसळतात. म्हणूनच यंत्राला या जाळीची जोड उपयुक्त ठरली.

जाळी काम कशी करते?

राणीचे पोट लांब असले तरी ते लवचीक असते. तिला अडवते ती तिची टणक छाती, जी कामकरी माशीपेक्षा रुंद असते. युरोपियन मधमाशीसाठी दोन तारांमधील अंतर सुमारे 4.2 मिलिमीटर ठेवले जाते. एवढ्याशा फरकावर सारी रचना उभी असल्याने एखादी वाकलेली तारही जाळी निरुपयोगी करू शकते. छिद्रे पाडलेला पत्रा, समांतर तारा आणि प्लास्टिक असे तिचे प्रकार आहेत. लाकडी चौकटीत बसवलेल्या गोल तारांच्या जाळीत माश्यांचे पंख कमी झिजतात आणि हवाही खेळती राहते.

सातेरीसाठी वेगळे माप

सह्याद्रीच्या पट्ट्यात पेटीत पाळली जाणारी देशी माशी म्हणजे सातेरी. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव 2022 मध्ये देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले, ते याच माशीच्या पालनावर. सातेरी आकाराने लहान असल्याने युरोपियन माशीची जाळी तिच्या पेटीत घालून भागत नाही. फटी तिच्या मापानुसार अरुंद हव्यात. खरेदी करताना ‘जाळी कोणत्या माशीसाठी?’ हा पहिला प्रश्न असावा. आग्या आणि फुलोरी या माश्या उघड्यावर एकच पोळे बांधतात व पेटीत राहत नाहीत. त्यांच्याबाबत हा विषयच उद्भवत नाही.

सातेरीच्या पेटीत या जाळीची गरजही प्रत्येक वेळी पडत नाही. पिलांच्या वरच्या भागात माश्या मधाचा पट्टा साठवतात. तो सलग भरलेला असेल तर राणी सहसा तो ओलांडून वर जात नाही. मधाचा हा पट्टा म्हणजे निसर्गानेच घातलेला अडसर होय.

केव्हा बसवावी, केव्हा काढावी?

जांभूळ, करंज यांसारखी झाडे फुलून मकरंद भरपूर येत असताना, खालची कोठी माश्यांनी गच्च भरलेली असेल तरच जाळीचा लाभ होतो. दुर्बळ वसाहतीवर ती लादल्यास माश्या वर जाण्यास टाळाटाळ करतात. वर नुसते मेणपत्रे असतील तर ही टाळाटाळ अधिकच वाढते. त्यामुळे माश्यांनी वर पोळी बांधण्यास सुरुवात केल्यावर जाळी घालणे श्रेयस्कर ठरते.

बसवण्यापूर्वी राणी खाली असल्याची खात्री करावी. ती दिसली नाही तरी ताजी अंडी कोठे आहेत यावरून तिचा ठाव लागतो. युरोपियन माशीच्या पेटीत राणी आधीच वर जाऊन अंडी घालून बसली असेल, तर तिला खाली आणून जाळी बसवावी. वरची कामकरी पिले 21 दिवसांत आणि नर 24 दिवसांत बाहेर पडतात; त्यानंतर तेथे मध भरू लागतो. मात्र राणीपासून दूर पडलेल्या या पिलांवर माश्या नवी राणीघरे बांधू शकतात, म्हणून आठवड्याने पाहणी करावी. वर जन्मलेले नर जाळीत अडकून मरतात व वाट तुंबवतात. त्यांच्यासाठी वरच्या बाजूस लहानसे दार ठेवावे.

पावसाळ्यात फुलोरा आटतो. त्याआधी मधकोठीबरोबर जाळीही काढावी, तिच्यावरील मेण खरवडावे आणि ती सपाट ठेवावी. वसाहतीच्या पोटापुरता मध मात्र पेटीत राहिलाच पाहिजे.

दारावरची जाळी

याच तत्त्वावरची छोटी जाळी पेटीच्या दारावरही लावतात. सातेरी उपासमार किंवा त्रास झाल्यास पेटी सोडून जाते. नव्याने पकडून पेटीत घातलेली वसाहत स्थिरावेपर्यंत राणीला थोपवण्यासाठी ही जाळी काही दिवस उपयोगी पडते. राणी नवी व अफलित असेल तर मात्र ती लावू नये. मीलनासाठी तिला बाहेर उडावेच लागते. आणि वसाहत मुंग्यांमुळे, उन्हामुळे किंवा अन्नाअभावी निघू पाहत असेल, तर दार अडवणे हा इलाज नव्हे. कारण दूर करणे हाच इलाज.

आक्षेप आणि विवेक

या जाळीमुळे मधच अडतो, असा काही मधपाळांचा आक्षेप आहे. चुकीच्या वेळी आणि अशक्त वसाहतीवर वापरल्यास तो खरा ठरतो. जाळी मध वाढवत नाही. जमलेला मध पिलांपासून वेगळा ठेवते, एवढेच तिचे काम. ज्यांना पेटी वारंवार उघडून पाहणे शक्य नाही, त्यांना तिचा आधार अधिक.

शिकू इच्छिणाऱ्यांसाठी महाबळेश्वर येथील मध संचालनालय आणि पुण्यातील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था ही दोन महत्त्वाची केंद्रे आहेत. जाळी विकत घेण्याआधी आपल्या पेटीतील माशी ओळखणे आणि आपल्या परिसरातील फुलोऱ्याची नोंद वर्षभर ठेवणे, ही या शिक्षणाची पहिली पायरी होय.