लेखाची लांबी

लेखाची लांबी म्हणजे नियतकालिकात किंवा महाजालावर प्रसिद्ध होणाऱ्या लेखाचा विस्तार होय. हा विस्तार शब्द, अक्षरे, पृष्ठे किंवा वृत्तपत्रातील स्तंभाची उंची यांत मोजला जातो. छापील नियतकालिकांत लेखाची लांबी विषयाइतकीच कागद, छपाई, टपाल आणि अंकाची किंमत यांवर अवलंबून असते. महाजालावर ही बंधने जवळजवळ नाहीत, त्यामुळे तेथे लांबीचा निर्णय मुख्यतः लेखक व संपादक यांच्या विवेकावर येतो.

मोजमाप

दैनिकात मजकूर स्तंभ-सेंटिमीटरमध्ये, तर मासिकात पृष्ठांत मोजण्याची पद्धत आहे. मासिके व पुस्तके फर्म्यांत छापली जातात. एका फर्म्यात सामान्यतः ८ किंवा १६ पाने असतात. मजकूर फर्म्याच्या मापात बसत नसेल, तर संपादक तो काटतो किंवा उरलेली जागा चुटके, सुभाषिते, छोट्या कविता यांनी भरतो. अशा मजकुराला ‘पानपूरक’ म्हणतात.

शब्दसंख्येची तुलना करताना भाषेची प्रकृती विचारात घ्यावी लागते. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहितात. ‘शाळेसमोरच्या झाडाखाली’ या दोन शब्दांचा आशय इंग्रजीत सांगण्यास आठ शब्द लागतात. म्हणून इंग्रजी लेखनासाठी ठरलेली शब्दमर्यादा मराठीला जशीच्या तशी लावल्यास मराठी लेखात प्रत्यक्षात अधिक मजकूर मावतो.

संगणकीय मोजणीत याच्या उलट घडते. युनिकोडमध्ये ‘स्त्री’ हे एक अक्षर स, त, र, दोन हलन्त चिन्हे व एक वेलांटी अशा सहा चिन्हांचे बनते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, तर साध्या रोमन अक्षराला १ बाइट पुरतो. विकिपीडियासारख्या प्रकल्पांत पृष्ठाचा आकार बाइटमध्ये दाखवला जात असल्याने मराठी लेख प्रत्यक्षात आहे त्याहून बराच मोठा भासतो.

मराठी नियतकालिकांतील परंपरा

बाळशास्त्री जांभेकर यांनी १८३२ मध्ये सुरू केलेल्या ‘दर्पण’मध्ये मराठी व इंग्रजी मजकूर शेजारी शेजारच्या स्तंभांत छापला जात असे. साहजिकच पानाचा निम्मा भागच मराठीच्या वाट्याला येई. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांची ‘निबंधमाला’ (१८७४) याहून वेगळी होती. हे मासिक जवळजवळ एकट्या चिपळूणकरांच्या लेखणीतून उतरत असल्याने दीर्घ निबंध अनेक अंकांत विभागून देण्याची मोकळीक त्यांना होती. १८८१ मध्ये निघालेल्या ‘केसरी’त एखाद्या मोठ्या प्रश्नावर ओळीने अग्रलेखांची मालिका लिहिली जाई. विषय मोठा आणि अंक लहान असल्यास लेख न तोडता ‘क्रमशः’ पुढे नेण्याचा हा मार्ग मराठीत अशा रीतीने रुळला.

लांबीतील भेदांतून लेखनप्रकारही वेगळे झाले. वृत्तपत्रातील संपादकीय पानावर विस्तृत विवेचन करणारा अग्रलेख आणि थोडक्यात मत देणारे स्फुट असे दोन प्रकार नांदू लागले. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ना. सी. फडके, वि. स. खांडेकर आणि अनंत काणेकर यांनी लघुनिबंध लोकप्रिय केला. यांपैकी फडके कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात प्राध्यापक होते, तर खांडेकरांचे वास्तव्य १९३८ पासून कोल्हापुरात होते. मासिकाच्या मोजक्या पानांत एकच अनुभव किंवा विचार खेळवणे हे या प्रकाराचे वैशिष्ट्य होते. दुसऱ्या टोकाला, काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला. त्यातून सुरू झालेल्या परंपरेने दीर्घकथा आणि विस्तृत लेख यांना वर्षातून एकदा हक्काची जागा मिळवून दिली.

पृष्ठसंख्येवरील निर्बंध व ‘सकाळ’ खटला

लेखाला किती जागा मिळावी, हा प्रश्न स्वातंत्र्योत्तर काळात न्यायालयापर्यंत पोहोचला. १९५६ च्या वृत्तपत्र (किंमत व पृष्ठे) अधिनियमानुसार केंद्र सरकारने १९६० मध्ये आदेश काढून दैनिकाच्या किमतीशी त्याची पृष्ठसंख्या बांधून टाकली. मोठ्या वृत्तपत्रांच्या स्पर्धेपासून लहान वृत्तपत्रांचे रक्षण करणे, हा त्यामागील सांगितलेला हेतू होता. पुण्याचे ‘सकाळ’ तेव्हा ७ नव्या पैशांत आठवड्याला ३४ पृष्ठे देत असे. आदेशानुसार त्या किमतीत २४ पृष्ठेच देता आली असती. तेवढीच पृष्ठे कायम ठेवण्यासाठी किंमत वाढवणे भाग होते. पृष्ठे घटवल्यास मजकूर कमी होणार आणि किंमत वाढवल्यास वाचक कमी होणार, असा हा पेच होता.

सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये हा अधिनियम व आदेश घटनाबाह्य ठरवले. न्यायमूर्ती जे. आर. मुधोळकर यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा की, विचारस्वातंत्र्यात मजकूर किती द्यावा आणि तो किती वाचकांपर्यंत पोहोचवावा या दोन्ही गोष्टी येतात. पुढे १९७२ मध्ये बेनेट कोलमन खटल्यात दैनिकांवरील १० पृष्ठांची मर्यादाही न्यायालयाने रद्द केली. लांबी हा केवळ मांडणीचा तांत्रिक प्रश्न नसून अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हे या निकालांमुळे अधोरेखित झाले.

कोशातील नोंदी

कोशकार्यात लांबीचा निर्णय लेखन सुरू होण्यापूर्वी घ्यावा लागतो, कारण एका नोंदीला मिळालेली अधिक जागा दुसरीच्या वाट्यातून जाते. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या २३ विभागांच्या ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’त पहिले पाच विभाग प्रस्तावनाखंडाचे असून त्यांत व्यापक विषयांचे सलग विवेचन आहे. अकारविल्हे नोंदी त्यानंतरच्या शरीरखंडात येतात. एकाच कोशात दीर्घ प्रबंध आणि आटोपशीर नोंद यांची जागा अशी वेगळी केलेली दिसते. महाजालावरील कोशात जागेची टंचाई नसते. तेथे विस्तारलेल्या लेखाचा एखादा विभाग स्वतंत्र लेखात हलवून मूळ ठिकाणी त्याचा सारांश व दुवा ठेवता येतो.

लांबी ठरवण्याचे निकष

लेखाची योग्य लांबी पुढील गोष्टींवरून ठरते : लेखाचा हेतू, वाचकाचे पूर्वज्ञान, वाचकाजवळचा वेळ आणि विधानाला लागणारा पुरावा. एकाच विषयाला हेतूनुसार वेगवेगळी लांबी शोभते. कोल्हापुरातील पंचगंगेच्या पुराचे उदाहरण घेता येईल. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी व ४३ फूट ही धोका पातळी मानली जाते. पाणी चढत असताना नदीकाठच्या रहिवाशाला सध्याची पातळी, बंद झालेले रस्ते आणि स्थलांतराचे ठिकाण एवढेच हवे असते. ही माहिती चार-पाच वाक्यांत द्यावी लागते. ती लांब लेखाच्या मध्यावर आली, तर तिचा उपयोग उरत नाही. याउलट पूर का येतो, याचे विवेचन राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे, कृष्णेवरील अलमट्टी धरणाविषयीचा वाद आणि पूररेषेतील बांधकामे यांचा परामर्श घेतल्याशिवाय पूर्ण होत नाही. ते पाच वाक्यांत उरकल्यास गुंतागुंतीच्या प्रश्नाचा दोष एखाद्याच कारणावर ढकलला जातो.

काटछाट करताना परिच्छेद वगळून पाहणे ही सोपी कसोटी आहे. तो वगळल्यावर अर्थाची हानी होत नसेल, तर तो अनावश्यक ठरतो. वाचकाच्या मनात उभा राहणारा स्वाभाविक प्रश्न अनुत्तरित राहत असेल, तर लेख अपुरा समजावा. भ्रमणध्वनीच्या अरुंद पडद्यावर लहान परिच्छेद आणि उपशीर्षके यांनी दीर्घ लेखही सुवाच्य होतो. मात्र या सोयी विस्तार सुसह्य करतात, पाल्हाळ नव्हे.