कयाधूकाठचा पाऊस, ध्रुवावरचं बर्फ

हिंगोलीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरी कयाधूकाठच्या शिवारात चाड्यावर मूठ कधी धरायची, हे बरंचसं तोच ठरवतो.

हे नातं उमगायला वेळ लागला. 1877च्या दुष्काळानंतर हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयाकडे पाहिलं. तिथे बर्फ जास्त, तर मैदानात पाऊस कमी, हा त्यांचा आडाखा. 4 जून 1886 रोजी मोसमी पावसाचा पहिला रीतसर अंदाज त्यावरच निघाला. 1904 मध्ये खात्यात आलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी नजर महासागरांवर नेली. प्रशांत महासागरावर हवेचा दाब चढला की हिंदी महासागरावर उतरतो, हा हेलकावा त्यांनी आकड्यांच्या ढिगाऱ्यातून शोधला.

पुण्याचे शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने 1988 मध्ये 16 घटकांवरून पाऊस सांगणारं सूत्र आलं. ते बरीच वर्षं चाललं. 2002 मध्ये मात्र सरासरीइतक्या पावसाचा अंदाज असताना देशात 81 टक्केच पडला. सूत्र जुन्या नोंदींवर बेतलेलं, आणि त्या सांगतात ते काल घडलेलं. उद्याचा समुद्र वेगळा वागला, तर सूत्र काय करणार?

म्हणून समुद्रच संगणकात उतरवायचं ठरलं. 2012च्या ‘मान्सून मिशन’मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने मूळचं अमेरिकी प्रारूप हाती घेतलं. त्यात हवा, जमीन, सागरी प्रवाह आणि ध्रुवाकडचं समुद्री बर्फ यांचं गणित एकत्र सोडवलं जातं. पाण्याचे चौकोन पाडायचे, प्रत्येकाचं तापमान, खारटपणा, वेग मांडायचा आणि थोड्या थोड्या वेळाने गणित पुढे सरकवायचं. बर्फाचा थर आला की समुद्राची ऊब हवेला फारशी मिळत नाही. म्हणून त्याचाही हिशेब. ब्लॅनफर्ड डोंगरावरचं बर्फ पाहत होते, आता पाण्यावरचंही मोजलं जातं.

या हंगामी प्रारूपात हवेचा चौकोन सुमारे 38 किलोमीटरचा. साडेचार हजार चौरस किलोमीटरचा हिंगोली जिल्हा त्यात तीनेक चौकोनांतच संपतो. औंढ्याचा डोंगर आणि वसमतचं हळदीचं रान त्याला कसं वेगळं दिसावं?

26 मे 2025 रोजी पुण्याच्या याच संस्थेने घडवलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू झाली. ती हंगामाचा नव्हे, पुढच्या काही दिवसांचा अंदाज देते. तिचा चौकोन 6 किलोमीटरचा. हिंगोली जिल्ह्याच्या वाट्याला असे साधारण सव्वाशे येतात.