टांगलेल्या टोमॅटोची तवारीख

इटलीत नेपल्सजवळ वेसुव्हियस ज्वालामुखीच्या उतारावर एक छोटा टोमॅटो पिकतो. साल जाड, गर घट्ट आणि खालच्या टोकाला बारीकशी चोच. जुलै-ऑगस्टमध्ये तो घोसासकट तोडतात. दोरीच्या कड्यात एकेक घोस अडकवत जातात आणि तयार झालेला भला मोठा झुबका सज्जात किंवा हवेशीर खोलीत छताला टांगून ठेवतात. मीठ लावत नाहीत, उन्हात वाळवत नाहीत, फ्रीज तर नाहीच. नाताळात घरात लागेल तसे त्यातले चार-सहा टोमॅटो तोडून घेतात. वसंत ऋतू उजाडला तरी उरलेले खाण्याजोगे असतात. साल सुरकुतलेली असते, आतला रस आटून दाट झालेला असतो.

याचे नाव ‘पिएन्नोलो’, म्हणजे लोंबकळणारा. स्पेनमधल्या कातालोनियात असाच एक टोमॅटो आहे. त्याला ‘तोमाकेत दे पेन्जार’ म्हणतात, अर्थ टांगायचा टोमॅटो. मायोर्का बेटावर त्याचा भाऊबंद ‘रामेल्येत’, म्हणजे घोस. तिथे देठांतून दोरा ओवून माळा करतात. हे काम परंपरेने बायकांचे. हिवाळ्यात हे टोमॅटो पावावर चोळतात, वर ऑलिव्हचे तेल आणि मीठ. या तिन्ही ठिकाणी टोमॅटोला नाव रंगावरून पडले नाही, चवीवरूनही नाही. ते तो कसा ठेवायचा त्यावरून पडले. ज्यांनी ही नावे दिली त्यांना त्या फळाकडून काय हवे होते, ते एवढ्यावरून कळते.

या टोमॅटोपर्यंत मी पोहोचलो तो एका वेगळ्याच वादातून. इटालियन भाषेत टोमॅटोला ‘पोमोदोरो’ म्हणतात, म्हणजे सोन्याचे फळ. त्याचे मूळ रूप ‘पोमो देई मोरी’, म्हणजे ‘मूरांचे फळ’ असे होते, म्हणून टोमॅटो ही युरोपला मुसलमानांची देणगी आहे, अशी एक व्युत्पत्ती बरीच वर्षे फिरते आहे. आपल्या लोकांना ती फार आवडते. मला असे निरोप व्हॉट्सअॅपवर अधूनमधून येतात आणि पाठवणाऱ्याचा हिरमोड करण्याचे काम माझ्याकडे येते. ग्रॅनडा पडले जानेवारी १४९२ मध्ये. कोलंबस अमेरिकेच्या बेटांना लागला त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. टोमॅटो हे अमेरिका खंडाचे पीक. अंदलुसच्या कोणत्याही मुसलमान शेतकऱ्याने आपल्या राज्यात ते पाहिलेले असणे शक्य नाही. बाराव्या शतकात सेव्हिलच्या इब्न अल-अव्वामने शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात फळे साठवण्याच्या रीतींचेही विवेचन आहे. पण त्यावरून टोमॅटो टांगण्याचे श्रेय अंदलुसला देणे हा आततायीपणा होईल. द्राक्षे टिकवून ठेवण्याच्या युक्त्या पहिल्या शतकातला रोमन लेखक कोलुमेलाही सांगतो. भूमध्य समुद्राच्या काठची ही सामाईक रीत आहे. तिच्यावर एकाच धर्माची मोहोर मारायची गरज नाही.

मग हे टांगणे कोणाचे? या प्रश्नापाशी कागद फारच लवकर संपतात.

सुरुवातीचे कागद भरपूर आहेत. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी तेनोच्तित्लान, म्हणजे आजचे मेक्सिको शहर, जिंकले. तिथल्या लोकांची माहिती गोळा करणाऱ्या बेर्नार्दिनो दे साहागुन या पाद्र्याने बाजारातल्या टोमॅटो विकणाऱ्याचेही वर्णन नोंदवले आहे. मोठे, बारीक, पिवळे, लाल, कितीतरी जाती त्याच्या टोपलीत होत्या. म्हणजे रानटी झुडपापासून खाण्याजोग्या फळापर्यंतची निवड युरोपच्या आधीच, मेक्सिकोच्या रयतेने करून ठेवली होती. १५४४ मध्ये इटालियन वैद्य मात्तिओली याने या फळाची नोंद केली आणि दहा वर्षांनी त्याला सोन्याचे फळ म्हटले. त्याने टोमॅटो कशाच्या रांगेत बसवला हे पाहण्यासारखे आहे. त्याने तो वांग्याचा प्रकार मानला.

वांगे मात्र खरोखर आपल्या बाजूने गेलेले. संस्कृत वातिंगणाचे फारसीत बादिंगान झाले, अरबीत बाजिंजान, ते अंदलुसमार्गे कातालान भाषेत ‘आल्बेर्जीनिया’ आणि फ्रेंचांच्या तोंडी ‘ओबेर्जीन’. आपले वांगे त्याच मुळाचे. युरोपच्या स्वयंपाकघरात टोमॅटो शिरला तो या आधीच्या पाहुण्याच्या ओळखीवर. आपल्याकडेही तो समुद्रमार्गे आला तेव्हा मराठी माणसाला वांगेच आठवले, म्हणून जुन्या मराठीत तो ‘बेलवांगे’ झाला. (वऱ्हाडात त्याला भेदरं म्हणतात, ते मला जास्त आवडते.) आणि अरबीपुरते बोलायचे तर उसनवारी उलट्या दिशेने झाली आहे. सीरिया, लेबनॉन, पॅलेस्टाइनमध्ये टोमॅटोला ‘बनदूरा’ म्हणतात, तो इटालियन ‘पोमोदोरो’च आहे. मूरांचे फळ म्हणून फुशारकी मारणाऱ्यांनी हा शब्द एकदा उच्चारून पाहावा.

१५४८ च्या ऑक्टोबरात पिसा शहरात कोसिमो दे मेदिची या ड्यूकच्या घरी त्याच्या जहागिरीवरून टोमॅटोची टोपली आली. तिची पोच कारभाऱ्याने लिहून ठेवली, म्हणून आपल्याला ती तारीखवार ठाऊक आहे. १६९२ मध्ये नेपल्समध्ये आंतोनियो लातिनी याने छापलेल्या पाककलेच्या पुस्तकात टोमॅटोची ‘स्पॅनिश पद्धतीची’ चटणी आहे. नेपल्स तेव्हा स्पेनच्या राजाच्या अमलाखाली होते, १५०३ ते १७०७ अशी दोन शतके. कातालोनिया आणि मायोर्काही त्याच छत्राखाली. बी, रीत, शब्द आणि माणसे या बंदरांतून त्या बंदरांत जात-येत होती.

ड्यूकची टोपली नोंदली गेली. सरदाराच्या आचाऱ्याची चटणी छापली गेली. छताला टांगलेला टोमॅटो मात्र या कागदांत येत नाही, कारण तो ज्यांच्या छताला होता त्यांच्या घरी कारभारी नव्हता. वेसुव्हियसच्या टोमॅटोबद्दल आज ज्या जुन्या नोंदींचा आधार देतात त्यांतली एक १८५८ ची आहे. नेपल्सच्या भाज्यांवर पुस्तक लिहिणाऱ्या ब्रूनी याने सांगितले की चेरीएवढे हे चवदार टोमॅटो माळा करून छताला टांगले तर वसंतापर्यंत उत्तम राहतात. तो हे नवा शोध म्हणून सांगत नाही. लोक जे करत होते ते त्याने लिहिले. १८८५ मध्ये पोर्तिचीच्या शेतकी विद्यालयाच्या वार्षिकात पाल्मिएरी या प्राध्यापकाने सावलीच्या, हवेशीर जागी टोमॅटो टांगण्याची रीत नोंदवली.

तिसरी नोंद मला सर्वांत मोलाची वाटते. १९०२ मध्ये त्याच विद्यालयातले दे रोझा लिहितात की वेसुव्हियसवरची जुनी ‘चेरासेल्ला’ जात, म्हणजे चेरीसारखी गोल, हळूहळू मागे पडली आणि तिच्या जागी कुपीच्या आकाराची जात आली, कारण ती टांगून ठेवायला अधिक चांगली होती. ‘वारसा बियाणे’ हा शब्द हल्ली ज्या भक्तिभावाने वापरतात त्याला ही नोंद चांगलाच धक्का देते. पणजोबांनी पेरले तेच आपण पेरतो, असा तो वारसा नव्हता. शेतकरी जुने टाकत होता, नवे घेत होता आणि त्याची कसोटी एकच होती: जास्त कोण टिकतो?

ही निवड कशी होत असेल याचा तर्क अवघड नाही. या भागात उन्हाळा कोरडा. पाऊस पडतो तो थंडीत. टोमॅटोचे पीक वर्षातून एकदाच आणि थंडीत ताज्या भाजीची वानवा. वेसुव्हियसच्या राखेच्या जमिनीत पाणी बेताचे, त्यामुळे फळ लहान राहते आणि त्यात पाण्यापेक्षा गर जास्त. साल जाड म्हणून आतला ओलावा सावकाश उडतो. माळेतले एखादे फळ डिसेंबरात सडते, एखादे जानेवारीत. पुढच्या पेरणीचे दिवस येतात तेव्हा छताला जे शिल्लक असते ते त्या वर्षीचे सर्वांत टिकाऊ फळ. बी त्यातूनच निघणार. दरवर्षी हिवाळाच परीक्षा घेत होता, घरच्या बाईने फक्त निकाल पाहून बी राखेत किंवा कागदावर वाळवायचे होते. आपल्याकडे बियाण्याची कणसे आढ्याला बांधून ठेवणाऱ्या आणि लसणाच्या माळांतल्या टपोऱ्या गड्ड्या लागवडीसाठी बाजूला काढणाऱ्या बायकांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

प्रयोगशाळेला हेच गणित फार उशिरा दिसले. टोमॅटो तोडल्यावरही पिकत राहतो. त्याच्या आतून इथिलीन वायू निघतो, तो पिकण्याचा हुकूम देतो, मग पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन विरघळते आणि फळ मऊ पडते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शास्त्रज्ञांना काही विचित्र झाडे सापडली, ज्यांची फळे पिकतच नाहीत. त्यांतल्या जनुकांना ‘रिन’ आणि ‘नॉर’ अशी नावे पडली. अशा झाडाचा साध्या झाडाशी संकर केला की फळ पिकते, पण सावकाश. आजचे बरेच टिकाऊ संकरित टोमॅटो याच वाटेने आले. चव मागे राहिली ती राहिलीच. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅलजीन कंपनीने पेक्टिन विरघळवणारे जनुक दाबून ‘फ्लेवर सेव्हर’ टोमॅटो बाजारात आणला. जनुकबदल केलेले, विक्रीची परवानगी मिळालेले हे जगातले पहिले सबंध अन्न. खर्चाचा मेळ बसला नाही आणि तीन-चार वर्षांत तो गायब झाला.

नंतर कातालोनियाच्या टांगायच्या टोमॅटोंची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्यात ‘नॉर’ याच जनुकाचे एक सौम्य रूप सापडले. पोर्तुगालच्या आल्कोबासा नावाच्या टोमॅटोवरून त्याला ‘आल्क’ म्हणतात. जनुकातला एक बारीकसा फरक, पण त्यामुळे फळ पिकायचे थांबत नाही, फक्त दमादमाने पिकते. प्रयोगशाळा ज्या जनुकाभोवती झगडत होती ते शेतकऱ्यांच्या माळेत आधीच होते आणि जास्त शहाण्या रूपात होते. शास्त्रज्ञांना कमी लेखण्यासाठी मी हे लिहीत नाही. ही गोष्ट आपल्याला कळली तीही त्यांच्यामुळेच. पण त्या शोधाला तारीख आहे, त्या आधीच्याला नाही, एवढे तरी नमूद व्हावे.

टिकण्याला इतके महत्त्व का द्यायचे, हे महाराष्ट्रात कोणालाही विचारा. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो किलोला शंभरच्या, काही शहरांत दोनशेच्या पुढे गेला आणि सगळा देश त्यावर विनोद करत बसला. त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्याच बाजार समित्यांत किलोला हाती जेमतेम काही रुपये पडू लागले आणि शेतकऱ्यांनी क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओतले. भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा शाळेत वाचलेल्या पिढीला हे चित्र नवीन नाही. तिथला बाप स्वतःच्याच टोमॅटोवर नाचतो, कारण भाव नाही आणि माल परत नेण्यात अर्थ नाही. व्यापारी थांबू शकतो, टोमॅटो थांबू शकत नाही आणि म्हणून शेतकरीही थांबू शकत नाही. कांद्याला चाळ आहे, निदान काही महिने तरी. टोमॅटोला काय?

इथे पिएन्नोलोचे बी आणून लावा, असा माझा सल्ला नाही. आपल्या पावसाळी दमट हवेत टांगलेले घोस कुजतील. त्याचे उत्पन्न कमी आणि तो मुळात घरच्या हिवाळ्यापुरता घडवलेला, ट्रकभर मालासाठी नव्हे. आपल्याकडचे संकरित टोमॅटोही टिकाऊच आहेत, पण त्यांचा टिकाऊपणा नारायणगाव किंवा पिंपळगावहून दिल्लीपर्यंतच्या प्रवासापुरता मोजलेला. तो व्यापाऱ्याच्या कामाचा आहे. वेसुव्हियसच्या माळेतला टिकाऊपणा पिकवणाऱ्याच्या स्वतःच्या घरात राहत होता.

तिथेही तो सहज राहिलेला नाही. हे जुने टोमॅटो विषाणूजन्य रोगांना लवकर बळी पडतात, माळा करायला हात लागतात आणि डबाबंद टोमॅटो बाराही महिने मिळतो. २००९ मध्ये युरोपीय संघाने पिएन्नोलोला मूळस्थानाचे संरक्षण दिले, आपल्या जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे तसे. त्यानंतर त्याचा भाव चढला. गरिबाने हिवाळ्यासाठी टांगून ठेवलेले फळ आज काचेच्या बरणीतून महागड्या दुकानांत विकले जाते. संरक्षणाच्या नियमावलीत त्याच्या उपजातींची नावे दिली आहेत. फियास्केल्ला म्हणजे छोटी कुपी. लांपादिना म्हणजे बल्ब. पातानारा. मग प्रिंचिपे बोर्गेझे, एका राजपुत्राच्या नावाने. आणि रे उंबेर्तो, इटलीच्या राजाच्या नावाने.